पोटात की मोरीत?

पास्कल गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात मशीनजवळ उभा होतो. त्या खडखडाटात आधी नीट ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं तेव्हा खरं वाटलं नाही. त्याचा धाकटा भाऊ इनास बोलत होता. "सुर्वेसाहेब, पास्कल गेला हो. जेवून ओट्यावरच्या खुर्चीत बसला होता, तिथंच मान टाकली..." अशा वेळी माणूस काहीतरी बरं बोलतो. मी म्हणालो, "डॉक्टर कोण आलेले? नीट तपासलं का त्यांनी?" मग इनास म्हणाला, "दोघांनी तपासलं. दुसऱ्याला मीच बोलावलं. एकाच्या सांगण्यावर पास्कलनं तरी विश्वास ठेवला असता का?" आणि मग तो रडायला लागला.

आमची मैत्रीच मुळी संशयातून झालेली. मी चिपळूणचा, वसईत येऊन आता अर्धं आयुष्य होऊन गेलं. पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत माझा लेबलं छापायचा लहानसा छापखाना आहे. लोणची, तेलं, खोकल्याची औषधं, जे येईल त्याचं लेबल. पास्कल वसईजवळच्या भुईगावचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातला. तो मुंबईच्या बाजूला एका दारूच्या कंपनीत ब्लेंडर होता, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतलं मद्य वासावर आणि चवीवर जोखून एकत्र करणारा. वर्षानुवर्षं बाटली तशीच लागली पाहिजे, हे बघायचं त्याचं काम. एका ओळखीच्या घरी मुलाच्या बाप्तिस्म्याला मी गेलो होतो. कुणीतरी परदेशी व्हिस्कीची बाटली आणली होती आणि एक उंच, सडपातळ माणूस ती उजेडाकडे धरून बघत होता. मी मागून सहज म्हणालो, "सोनेरी अक्षरं फॉइलची नाहीत, शाईची आहेत. उठाव नाही त्यांना." त्यानं वळून माझ्याकडे बघितलं, मी कोण हेही विचारलं नाही. बूच काढलं, दोन थेंब तळहातावर घेतले, हात चोळले, थोडं थांबून ओंजळीत नाक घातलं आणि बाटली यजमानाच्या हातात दिली. "मोरीत," म्हणाला.

हा त्याचा ठरलेला निकाल होता. गावात लग्न असो, साखरपुडा असो, नव्या घराला फादरांचा आशीर्वाद असो, आदल्या दिवशी बाटल्यांचा नमुना पास्कलच्या ओट्यावर यायचा. लोक विचारायचे, "काय पास्कल, पोटात की मोरीत?" आणि तो हात चोळून सांगायचा. हाताला पहिला येतो तो वास खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. स्पिरिट उडून जाऊ द्यायचं, मागे जे उरतं ते खरं. लेबलाची शंका आली की मला फोन. मी भिंग घेऊन स्कूटरवरून जायचो. दोघं मिळून एकेका बाटलीवर असा काही खल करायचो, की त्याची बायको फिलोमिनावहिनी म्हणायची, "तुम्ही दोघं स्वर्गात गेलात तर दारावरच्या सेंट पीटरचंच ओळखपत्र तपासाल."

पण त्या संशयामागे एक गोष्ट होती, ती त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. त्याच्या वडिलांनी तरुणपणी एका जिवलग मित्रानं दिलेली दारू प्यायली होती. मित्रानं दिली म्हणून विश्वासानं प्यायली. दुसऱ्या दिवसापासून डोळे गेले ते गेलेच. पुढं कित्येक वर्षं पास्कल आणि इनास, एक उजव्या हाताला आणि एक डाव्या हाताला, बापाला धरून दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला नेत. "विषाला वास असतोच असं नाही, सुर्वे," तो मला म्हणाला होता, "पण जिथं लेबल खोटं, तिथं आतल्याची हमी कोण घेणार? आपण इतकंच सांगू शकतो, की हे जे म्हणतंय ते नाही." त्यानंतर त्याच्या 'मोरीत'ला मी कधी हसलो नाही.

कोरोना त्यालाही होऊन गेला. घरातच पडून होता, बरा झाला. पण नंतरच्या वर्षभरात मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. पूर्वी दहातल्या नऊ बाटल्या पोटात जायच्या, एखादीच मोरीत. आता येईल ती मोरीत. हात चोळायचा, ओंजळीत नाक घालायचा, पूर्वीपेक्षा जास्त वेळ... आणि मग तेच. मी भिंगातून लेबलं बघायचो, मला खोट सापडायची नाही. तसं म्हटलं की तो तुटकपणे म्हणायचा, "लेबल तू बघ. आतलं मी बघतो." लोक कुरकुरायला लागले. मोठ्या दुकानातून, बिलासकट आणलेली दारू खोटी कशी? कुणी म्हणालं, पास्कलनं कुठल्यातरी दुकानदाराशी संधान बांधलंय, बाकीच्यांचा माल पाडतोय. ते मला पटलं नाही. पण दुसरं काय असावं, हेही कळेना. त्यात वहिनींनी मला एकदा बाजूला घेतलं. "भावजी, ह्याच्या डोक्यात काहीतरी होतंय. काल दूध उतू जाऊन करपलं, सगळं घर भरलं वासानं, आणि हा स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलेला. आणि गॅसचं बटण दिवसातून कितीदा चाचपून बघतो, विचारू नका." मला वाटलं, विसरायला लागला असेल. वय तसं झालंच होतं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.

मग इनासच्या मुलीचं लग्न आलं. दोघा भावांची घरं एकाच वाडीत, मध्ये विहीर. इनासनं पाहुण्यांसाठी हौसेनं दारूचे खोके आणले, आणि रीतीप्रमाणे थोरल्या भावाच्या ओट्यावर नेऊन ठेवले. पास्कलनं एक बाटली उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांसमोर म्हणाला, "मोरीत." इनास हसला, त्याला गंमत वाटली. पास्कल म्हणाला, "माझ्या नावानं गावात कुणाला पाजणार असशील तर मी लग्नाला येणार नाही." एकदा पास्कल असं बोलल्यावर त्या दारूला हात कोण लावणार? मांडवात पाहुण्यांच्या हातात कोकम सरबताचे ग्लास आले. भुईगावात असं लग्न कुणी पाहिलं नव्हतं. वरपक्षाची माणसं एकमेकांकडे बघत होती. इनास मला नंतर म्हणाला, "गावापुढं मला कंगाल करून ठेवलं त्यानं, सुर्वेसाहेब. सख्ख्या भावानं." विहिरीच्या पाण्यावरून दोघांत पूर्वी एकदा वाजलं होतं, ते मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही मनात आलं, की पास्कलनं जुनं उट्टं काढलं. मी लेबलं पाहिली होती, झाकणं पाहिली होती. सगळं चोख होतं. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. विहिरीवर एक आला की दुसरा जायचा.

गेल्या नाताळात पास्कलची मुलगी आणि जावई ग्लेन अमेरिकेहून आले. ग्लेनही वसईचाच, आता तिकडे नोकरीला. सासऱ्यासाठी त्यानं एक बाटली आणली होती. बर्बन. मक्याची व्हिस्की असते, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली. पण ही साधी बर्बन नव्हती. एकाच पिंपातली होती, दुसऱ्या कुठल्या पिंपातला थेंबही न मिसळलेली, आणि पाणी न घालता जशीच्या तशी भरलेली. आपल्याकडची दारू बेचाळीस टक्क्यांच्या आसपास असते, ही पासष्टच्या घरात. केंटकीतल्या डिस्टिलरीच्या दारातून ग्लेननं स्वतः घेतली होती. दुपारी जेवणाआधी ओट्यावर सगळे जमलो. ग्लेन उत्साहानं सांगत होता, पिंप कुठल्या गोदामात होतं, कितव्या मजल्यावर होतं. पास्कलनं बाटली घेतली, थेंब हातावर घेतले, चोळले. आम्ही वाट बघत होतो. त्यानं मान हलवली. "मोरीत."

ग्लेनचा चेहरा उतरला. "डॅडी, मी स्वतः तिथून..."

"विकणारे सगळीकडे सारखेच," पास्कल म्हणाला.

मुलगी आत निघून गेली. मी बाटली उचलली, खिशातलं भिंग काढलं. जाडसर, खरखरीत कागद. पिंपाचा नंबर आणि टक्के हातानं लिहिलेले. छापलेली अक्षरं असली की भिंगाखाली ठिपके दिसतात. इथं ठिपके नव्हते, पेनाची सलग शाई होती, कागदाच्या धाग्यांत किंचित फाकलेली. ती बाटली शंभर टक्के खरी होती. मी पास्कलकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा पहिल्यांदा माझा संशय बाटलीवरून उठला आणि थेट माणसावर जाऊन बसला. हा विसरत नाहीये, उट्टंही काढत नाहीये. हा काहीतरी लपवतोय.

दोन दिवस मी विचार केला. करपलेलं दूध, गॅसचं बटण, येईल ती बाटली मोरीत... आणि मग मी वसईच्या बाजारातून सुके बोंबील घेतले. चांगले दणदणीत वासाचे. पिशवीत गुंडाळले, तरी रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. पास्कल ओट्यावर एकटाच होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये, त्याच्या पायाशी ठेवली. गप्पा सुरू केल्या. केळीचा भाव, नव्या इमारती, नळाचं पाणी. मला स्वतःला तिथं बसवत नव्हतं. तो आरामात बोलत होता. ज्या माणसानं आयुष्यभर हवेतून पिंपं ओळखली, त्याच्या पायाशी बोंबील, आणि तो मला केळीबद्दल सांगतोय. माझा संशय खरा ठरत होता आणि तो खोटा ठरावा असं मला वाटत होतं.

तेवढ्यात वहिनी फाटकातून आत आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगो बाई, सुके बोंबील कुणी आणले?"

पास्कल बोलता बोलता थांबला. त्यानं पायाशी पाहिलं, पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. वहिनी काहीतरी म्हणत आत गेल्या.

"कधीपासून संशय होता?" त्यानं विचारलं.

"परवापासून. तुझं कधीपासून?"

"कोरोनापासून." त्यानं नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "गेलं ते परत आलंच नाही. पहिल्यांदा वाटलं येईल, महिन्याभरात येईल. काहीच नाही, सुर्वे. साबण नाही, चहा नाही, नातवंडाचं डोकं नाही. भिंत."

"मग तू सांगितलं का नाहीस? हात चोळत बसायचास ते..."

"काय सांगू? लोक बाटली घेऊन येतात, विश्वासानं बघतात तोंडाकडे. पोटात म्हटलं आणि खोटी निघाली तर? मोरीत म्हटलं की कुणी मरत नाही." थोडं थांबून म्हणाला, "आंधळंही होत नाही."

मी म्हणालो, "इनासची पोरगी रडली लग्नात."

"ठाऊक आहे मला."

तो उठला, आत गेला. मला वाटलं आता येत नाही. पण आला तो ग्लेनची बाटली आणि दोन काचेचे ग्लास घेऊन. ती मोरीत गेली नव्हती, कपाटात होती. "तू पाहिलीस भिंगातून. खरी आहे?" मी खरी म्हटल्यावर त्यानं ओतली, अगदी थोडी. पाणी नाही. सवयीनं ग्लास नाकाशी नेला, ओढून वास घेतला... आणि झटका बसल्यासारखा मागे झाला. डोळ्यांत पाणी. "आलं!" म्हणाला. "काहीतरी आलं!" पुन्हा नाकाशी नेला. मला वाटलं चमत्कार झाला. त्यानंच हात वर करून मला थांबवलं. "वास नाही हा. आग आहे. नाक जळतंय फक्त. साध्या दारूचं एवढंही कळत नाही मला. पण नाक मेलेलं नाही रे, जळतंय तरी..." एवढं बोलून त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटून बसला. जिभेला गोड लागतंय म्हणाला, शेवटी कडवट, तुरट, लाकडाचं.

मग त्यानं माझा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तू सांग. काय येतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"खोटं बोलू नको, एवढंच. जे येतंय ते सांग."

मी वास घेतला. पहिल्यांदा नुसता भपकारा, नाक पोळलं. तो म्हणाला, थांब, ग्लास थोडा खाली धर, तोंड किंचित उघडं ठेव. मग हळूहळू काकवी आली. गूळ करपला की वास येतो तसं काहीतरी. मी सांगितलं. "व्हॅनिला असणार," तो म्हणाला. आहे की काय बघितलं, तर होता, केकमधला. त्यानं चमच्यानं दोन थेंब पाणी घातलं आणि काय उघडतंय ते बघ म्हणाला. सुतारकाम चाललेल्या घराचा वास आला. दालचिनी आली. जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारखं काही आलं. मी एक शब्द बोलायचो आणि तो मान हलवून पुढचा विचारायचा, आणि विचारता विचारता त्याचा चेहरा असा काही उजळत गेला, की मला मधेच शंका आली, ह्याला खरंच काही येत नाहीये ना? ती शंका मला आजही आहे. शेवटी तो म्हणाला, "आयुष्यभर मी एका पिंपाची खोड दुसऱ्या पिंपात लपवली. तीच आमची कला. इथं कुणी काही लपवलेलंच नाही. मला असल्या दारूचा नेहमी संशय यायचा."

त्या संध्याकाळी त्यानं ग्लेनला आणि मुलीला सगळं सांगितलं. वहिनी म्हणे आधी चिडल्या आणि मग चुलीपुढं बसून राहिल्या. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो बाटली घेऊन इनासकडे निघाला. मला म्हणाला, चल. विहीर ओलांडून त्या ओट्यावर तो दीड-दोन वर्षांत गेला नव्हता. इनासनं बाटली पाहिली आणि उठलाच नाही.

"आता कसली तपासणी आणलीस?"

दोघं आपापसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. मला सगळी येत नाही, पण त्या दिवशी कळायला काही अडचण आली नाही. पास्कल म्हणाला, "माझं नाक गेलंय. पोरीच्या लग्नाच्या आधीच गेलं होतं."

इनास त्याच्याकडे बघत राहिला. "म्हणजे माझी दारू?"

"चांगली असणार."

"असणार?"

"मला कळत नव्हतं. म्हणून मोरीत म्हटलं. बापाचं आठवलं..."

"बाप माझाही होता," इनास म्हणाला. त्याचा विश्वास बसत नव्हता, हे दिसतच होतं. त्याला वाटलं, भांडण मिटवायला हा कहाणी रचून आलाय. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा, सुर्वेसाहेब. खरं?" मी बोंबलांची गोष्ट सांगितली. इनास हसला नाही. पास्कलनं ओतलेला ग्लास त्यानं उचलला, घोट घेतला, पासष्ट टक्क्यांनी त्याला ठसका लागला, आणि ठसका आवरता आवरता त्यानं जे विचारलं ते लग्नाबद्दल नव्हतं.

"मग गॅस गळला तर तुला कळणार कसं?"

इनास ग्लास ठेवून उठला, विहीर ओलांडून थेट थोरल्याच्या स्वयंपाकघरात गेला, आणि आम्ही पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून सिलिंडरच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघत होता. वहिनी दारात उभ्या. "ही नळी जुनी झालीय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "उद्या बदलतो." माफी, क्षमा असलं काही दोघांपैकी कुणी उच्चारलं नाही. लग्नाचं दुःख इनासच्या मनातून पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. मुलगी तर काकाशी पुढंही कितीतरी दिवस बेतानंच बोलायची.

गावात पास्कलनं स्वतःच सांगितलं. बाटली घेऊन येणाऱ्याला म्हणायचा, "दुकान बंद. नाक गेलं." काहींना तेही खरं वाटलं नाही. म्हणायचे, आता हा मोठ्या माणसांचेच नमुने बघत असेल. तो ऐकून खूश व्हायचा. संशय घेणारी माणसं त्याला नेहमीच जवळची वाटली.

त्यानंतरचे जे थोडे महिने मिळाले, त्यात दोघं भाऊ रोज ऊन उतरलं की समुद्राकडे चालत जायचे. मी कधीमधी बरोबर असायचो. इनास चालता चालता वास सांगायचा. "इथं सोनचाफा. इथं शेण. ह्या घरात आज मटण आहे, मसाला भाजतायत." पास्कल हात पाठीमागे बांधून ऐकायचा, मधेच थांबवून विचारायचा, सोनचाफा ताजा की कालचा? मसाल्यात खोबरं किती भाजलंय? इनास वैतागायचा. आणि मग थोरल्याची गंमत करायला मधेच एखादा वास ठोकून द्यायचा, नसलेला. पास्कल एक पाऊल पुढं जाऊन म्हणायचा, "खोटं." नेमका तोच पकडायचा. इनासला नवल वाटायचं, तुला कसं कळतं? "नाक गेलंय, कान आहेत," तो म्हणायचा. "खरं सांगताना तू बघत नाहीस माझ्याकडे."

पास्कल जाऊन महिना झाला, त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाली, त्या दिवशी घरचं जेवण झाल्यावर इनास मला म्हणाला, चला, जरा समुद्रावर जाऊ. दोघंच निघालो. वाड्यांमधली ती अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कुंपणं. तो काही वेळ तसाच चालला, आणि मग, माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात त्याचं सुरू झालं. "मोगरा... इथं कुणीतरी पाला पेटवलाय... जवळा वाळत घातलाय..." प्रत्येक वासानंतर तो जरा थांबत होता. शेजारून कुणी काही विचारेल तेवढा वेळ ठेवत होता, आणि मग पुढं जात होता. सुरूच्या झाडांपाशी आलो. समोर पाणी दिसायला लागलं. इनासनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आणि हा हापूस. कुणीतरी पेटी फोडलीय."

मी वाऱ्याकडे तोंड केलं, नाक भरून श्वास घेतला. आंबा कुठंच नव्हता.

"खोटं," मी म्हणालो.

इनास थांबला. मग त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "हां," म्हणाला. "चला पुढं."